जुना फिफ्थ-व्हील पहिल्यांदा घेताना

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण अमेरिकेत पहिल्यांदाच फिफ्थ-व्हील, म्हणजे पिकअप ट्रकने ओढायचा राहण्याचा मोठा ट्रेलर, घेणारेत आणि तोही सेकंडहँड, म्हणून यलोस्टोनच्या गोष्टी आज नकोत, त्या तुम्हीच जाऊन आलात की मला सांगा. आज मुख्यतः दोन गोष्टींवर बोलतो, वजन आणि पाणी, बाकीचं शेवटी थोडक्यात. आत शिरलं की सोफा, मोठं किचन, फायरप्लेस बघून घरची मंडळी खूष होतात आणि तिथेच सौदा ठरतो, पण पैसे बुडतात ते या दोन गोष्टींत.

आधी वजन. साधा ट्रेलर गाडीच्या मागे लावलेल्या लोखंडी गोळ्याला, म्हणजे बॉलला, अडकतो, फिफ्थ-व्हील मात्र पिकअपच्या बेडमध्ये, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास वर बसतो, त्यामुळे हायवेला तो कमी डोलतो, चालवायला खरंच छान वाटतो, पण त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा सरळ ट्रकच्या अंगावर येतो. विकणारा म्हणेल, तुमचा ट्रक आरामात ओढेल. ओढेल हो, पण पेलेल का? ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. आता हिशोब करा, भरलेला ट्रेलर 12,000 पाउंडांचा धरला तर पिनवर, म्हणजे ट्रेलर ट्रकवर टेकतो त्या खुंटीवर, 2,400 आले, वर हिच, म्हणजे ती पिन पकडणारा ट्रकमधला सांधा, वर तुम्ही चौघं आणि टूलबॉक्स, म्हणजे 3,000 च्या पुढे गेलात, आणि हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअप, ट्रकच्या स्टिकरवर बऱ्याचदा 2,000 सुद्धा नसतात. ब्रोशरमधलं रिकामं वजन धरू नका, ट्रेलरच्या स्टिकरवरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट चालणारं कमाल वजन, धरा. घेतल्यावर सगळं भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, वजन करून या, थोडेच पैसे लागतात. आणि ट्रकचा बेड आखूड असेल तर स्लायडिंग हिचची, म्हणजे वळताना मागे सरकणाऱ्या हिचची, चौकशी आधीच करा, नाहीतर करकचून वळताना ट्रेलरचा कोपरा कॅबची मागची काच फोडू शकतो.

आता पाणी, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू हाच. शिडी घेऊन छतावर बघाच. व्हेंट, स्कायलाइट, एसीच्या कडेने सीलंट असतं, ते तडकलंय का, कडेने उचललंय का, कुणी घाईघाईने सिलिकॉन फासलंय का, कारण सिलिकॉनवर नंतर दुसरं सीलंट नीट धरतच नाही. मग खाली या, बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीला डोळा लावून तिरकं बघा, फुगवटा दिसला तर आत पाणी शिरून थर सुटलेत असं समजा. आत स्लाइडच्या, म्हणजे बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या, कोपऱ्यात, शॉवरच्या दाराशी, बेडच्या पुढच्या भिंतीजवळ बूट काढून पायाने दाबत फिरा, जमीन दबली की तिथलं लाकूड कुजलंय. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यांना हात लावा, नाक घालून वास घ्या. सगळीकडे एअर फ्रेशनरचा घमघमाट असेल तर दुप्पट सावध व्हा. अशा ट्रेलरची किंमत पाडून मागण्यापेक्षा सरळ नमस्कार करून निघा, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे.

टायरची नक्षी नवीकोरी दिसेल, कारण ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, पण रबर उन्हाने म्हातारं होतं. टायरच्या कडेवर डीओटीने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदलायचेच, कारण टायर फुटला की चाकावरचा पत्रा, ट्रेलरचा तळ, कधी कधी गॅसची पाइपसुद्धा घेऊन जातो. आणि बऱ्याच ट्रेलर टायरची मर्यादा ताशी 65 मैल असते, टेक्सासात बोर्डवर 75 असलं तरी आपण 62-63 नेच जायचं, मागचे येतील पुढे निघून.

जोडताना घाई नको. हिचचा जबडा ट्रेलरच्या किंगपिनवर, म्हणजे त्याच पिनवर, बसलाय का ते टॉर्च मारून बघा, विजेची केबल आणि ब्रेकअवेची वायर (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) लावा, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम उचला आणि चाकांना चॉक, म्हणजे अडकवणी, तसेच ठेवून ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबत ट्रक हलकेच पुढे ओढा. पिन नीट बसली नसेल तर ट्रेलर पायांवर टेकेल, तुमच्या बेडवर आदळणार नाही. उंची स्वतः टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, 13 फुटांच्या आसपास निघते. न्यू जर्सी-कनेक्टिकटवाल्यांनी कारचा जीपीएस वापरूच नका, तो तुम्हाला कनेक्टिकटमधल्या मेरिट पार्कवे या रस्त्यावर नेईल, तिथे ट्रेलरला बंदी आहे आणि पूलही बुटके आहेत.

टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह कॅम्पवर बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी बसतो, तो काढणं महाकठीण. टाकी चांगली भरली की आधी ती सोडा, मग सिंक-शॉवरचं पाणी सोडा, म्हणजे पाइपही धुतला जातो.

पहिली ट्रिप लांबची नको, घरापासून तासाभरावरचा पाणी-वीज असलेला कॅम्पग्राउंड बघा, दिवसाउजेडी पोचा, आणि वॉटर हीटरमध्ये पाणी भरल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू नका, कोरडा एलिमेंट लगेच जळतो.