वाहतुकीचा आराखडा एकट्या वाहतूक खात्याचा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

वाढत्या शहरात वाहतुकीची कोंडी होऊ लागली की सर्वांचे लक्ष प्रथम रस्त्याच्या रुंदीकडे जाते. वास्तविक ती कोंडी बहुधा काही वर्षे आधीच जमीनवापराच्या नकाशावर ठरून गेलेली असते. जमीन स्वस्त म्हणून घरे शहराच्या कडेला बांधली जातात, कचेऱ्या मध्यभागीच राहतात, आणि या दोहोंमधील अंतराचा प्रश्न मागाहून वाहतूक अभियंत्याच्या गळ्यात पडतो. त्याने रस्ता रुंद केला, तर मोकळ्या रस्त्यामुळे आणखी गाड्या बाहेर पडतात, कडेला नव्या वसाहती उठतात आणि रस्ता पुन्हा तुंबतो.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने हा क्रम बदलला. तेथे १९७४ साली स्वतंत्र मार्गिकांवरून जलद बस धावू लागली, तेव्हा बसमार्ग आणि बांधकामाचे नियम एकत्रच ठरवलेले होते. मुख्य मार्गालगत उंच इमारतींना परवानगी आणि मार्गापासून दूर जावे तसतशी विरळ वस्ती, अशी ती रचना असल्यामुळे बसला प्रवासी मिळवण्यासाठी वळसे घालावे लागले नाहीत. नदीकाठच्या पूरप्रवण जमिनींवर उद्याने केली गेली, म्हणजे पाण्याच्या निचऱ्याचा विचारही नगररचनेतच आला. या बदलाचे सूत्रधार महापौर जैमे लर्नर हे मुळात वास्तुरचनाकार होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

दक्षिण कोरियातील सोल शहराने २००३ ते २००५ या काळात चोंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत मार्ग पाडून ओढा खुला केला, आणि त्याच सुमारास, २००४ मध्ये, बससेवेचीही फेररचना केली. केवळ रस्त्याची क्षमता मोजणाऱ्या खात्याला असा निर्णय सुचणे कठीणच होते.

मात्र नियोजन एकत्र केले तरी एक पेच उरतो. नवा मेट्रोमार्ग जाहीर होताच स्थानकाजवळच्या जमिनीचे भाव चढतात, आणि ज्यांना सार्वजनिक वाहतुकीची सर्वाधिक गरज असते, तेच भाडेकरू दूर ढकलले जातात. म्हणून परवडणाऱ्या घरांसाठीची जमीन मार्गाची घोषणा होण्यापूर्वीच राखून ठेवायला हवी, आणि त्यासाठी गृहनिर्माण खात्याला मार्ग कागदावर आखला जात असतानाच चर्चेत घ्यावे लागते.