हफमन बेटाकडे पुन्हा एकदा

(दृश्य : सुपर फॅमिकॉमवरील खेळाचा आरंभ. तिरप्या कोनातून दिसणारे शहर आणि पटासारख्या लहान लहान चौकोनांत विभागलेले रणांगण.)

23 फेब्रुवारी 1995 रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी 'फ्रंट मिशन' हा खेळ प्रसिद्ध झाला. स्क्वेअर या कंपनीने तो बाजारात आणला, जी-क्राफ्ट या संस्थेने तो घडवला आणि त्याचे दिग्दर्शन तोशिरो त्सुचिदा यांनी केले. डावपेचांचे खेळ त्यापूर्वीही होते. 1990 च्या 'फायर एम्ब्लेम'ने, एकदा मेलेला शिपाई परत येत नाही हा नियम खेळाडूंना धाक बसेल इतक्या ठामपणे रुजवला होता. 1991 पासून 'सुपर रोबोट वॉर्स' ही मालिका दूरचित्रवाणीवरच्या नाना यंत्रमानवांना एकाच पटावर आणून लढवत होती. 'फ्रंट मिशन'ने यंत्राला नायक केले नाही. त्याने यंत्राला युद्धसामग्री मानले, म्हणजे जी विकत घेतली जाते, मोडते, दुरुस्त होते आणि जिच्या विक्रीचा नफा कुणाच्या तरी खिशात जातो.

या दृष्टीची मुळे जपानी अॅनिमेशनमध्ये आहेत. 1979 मध्ये योशियुकी तोमिनो यांच्या 'मोबाइल सूट गंडम'ने यंत्रमानवाला सैन्यातल्या एका वाहनाचे स्थान दिले, तरी त्या मालिकेतला 18 मीटर उंचीचा गंडम इतरांहून वेगळा आणि वरचढच राहिला. 1983 च्या 'व्होटोम्स'मध्ये ते वेगळेपणही उरले नाही. तिथली यंत्रे स्वस्त, गंजकी आणि टाकून देण्याजोगी आहेत. 'फ्रंट मिशन'मधले वान्झर, म्हणजे पायांवर चालणारे रणगाडे, याच दुसऱ्या घराण्यातले आहेत. शहरातल्या इमारतींमधून ते चालतात तेव्हा त्यांच्याकडे पाहून दरारा वाटत नाही. लढाईनंतर यातले किती दुरुस्तीला न्यावे लागतील, हाच विचार आधी येतो.

(दृश्य : बेटाचा नकाशा. दोन रंगांत विभागलेले हफमन बेट.)

कथा 2090 या सालात घडते. प्रशांत महासागरात ज्वालामुखीच्या उद्रेकातून वर आलेल्या हफमन बेटावर दोन महासंघांची सीमा एकमेकींना भिडलेली आहे : एकीकडे आशिया आणि ऑस्ट्रेलियातील देशांचा ओ.सी.यू. आणि दुसरीकडे अमेरिका खंडातील देशांचा यू.एस.एन. या बेटासाठी 2070 मध्ये एक युद्ध होऊन गेले आहे. ओ.सी.यू.च्या सैन्यातील रॉयड क्लाइव्ह आपल्या तुकडीसह लार्कस येथील शत्रूच्या शस्त्रनिर्मिती केंद्राची टेहळणी करायला जातो. तिथे ड्रिस्कल नावाच्या अधिकाऱ्याशी त्याची गाठ पडते, रॉयडची वाग्दत्त वधू कॅरेन त्या चकमकीत नाहीशी होते, कारखाना उडवला जातो आणि त्याचा ठपका रॉयडच्या तुकडीवर येतो. त्यातून दुसरे हफमन युद्ध पेटते. सैन्यातून काढून टाकलेला रॉयड पुढे कॅन्यन क्रो या भाडोत्री पथकात भरती होतो आणि खऱ्या अर्थाने खेळ तिथून सुरू होतो.

या खेळाचे पुढे अनेक भाग निघाले. आम्ही काही मित्र अलीकडे ही मालिका पुन्हा खेळत आहोत. कुणी पुण्यात आहे, कुणी ठाण्यात, कुणी परदेशी नोकरीला. एकाच्या पडद्यावरचा खेळ सगळे पाहतात आणि प्रत्येक चालीवर बोलतात. असे एकत्र खेळणे या जातीच्या खेळांना फार मानवते, कारण ते तुमच्यासाठी थांबतात. तुम्ही चाल केल्याशिवाय शत्रू जागचा हलत नाही, त्यामुळे बुद्धिबळाच्या पटाभोवती जमलेली मंडळी जशी खेळणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून आपापली मते मांडतात, तशी इथेही मांडता येतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, एकट्याने खेळताना 'फ्रंट मिशन' चांगला वाटतो आणि चर्चा करत खेळताना तो समजतो.

(दृश्य : वान्झरची जुळणी. धड, डावा हात, उजवा हात, पाय असे चार भाग वेगवेगळे उजळतात.)

चर्चेला सर्वांत जास्त खाद्य पुरवते ती वान्झरची रचना. प्रत्येक वान्झरचे चार भाग असतात : धड, दोन हात आणि पाय. प्रत्येक भागाची सहनशक्ती स्वतंत्र मोजली जाते. हात तुटला की त्या हातातले शस्त्र गेले; पाय निकामी झाले की वान्झर जेमतेम सरकू शकतो; धड फुटले की सगळेच संपले. याचा अर्थ असा की, समोरच्या शत्रूवर 'हल्ला करावा का' हा प्रश्न फारसा उरतच नाही, त्याच्या जागी 'त्याचे काय काढून घ्यावे' हा प्रश्न येतो. क्षेपणास्त्रे खांद्यावर घेऊन लांब उभ्या असलेल्या शत्रूचे पाय तोडून उपयोग नसतो, कारण त्याला चालायचेच नसते. जवळ येऊन ठोसे मारणाऱ्याचे मात्र पाय आधी तोडावेत की हात, यावर आमच्यात दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

जुळणीतही हाच विचार चालतो. धडाची जेवढी शक्ती, तेवढेच वजन ते पेलू शकते. जाड कवचाचे हात लावले तर जड बंदूक सोडावी लागते, बंदूक ठेवली तर पाठीवरचा जादा संच काढावा लागतो. मशीनगनच्या गोळ्या अनेक भागांवर विखुरतात आणि रायफलची एकच गोळी एकाच भागावर बसते, त्यामुळे कागदावर सारखी वाटणारी दोन शस्त्रे रणांगणात निरनिराळी कामे करतात. लढताना पायलट आपापल्या पद्धतीत तरबेज होत जातात आणि त्यातून काहींना विशेष कौशल्ये मिळतात. शत्रूच्या नेमक्या कोणत्या भागावर मारा करायचा हे ठरवण्याची मुभा देणारे 'ड्युएल' हे त्यांतले सर्वांत मोलाचे. ते हाती येईपर्यंत नशिबावर अवलंबून असणारा खेळाडू ते आल्यावर अचानक शल्यविशारदाच्या निर्दयतेने विचार करू लागतो, आणि हा बदल आपल्यात झाला आहे हे शेजारी कुणी बोलायला असेल तरच लक्षात येते.

पुढचा थोडा भाग कथेचे मुख्य रहस्य उघड करणारा आहे. ज्यांनी खेळ अजून पूर्ण केलेला नाही त्यांनी तो वगळावा.

(दृश्य : दुकानाचा पडदा. संगणकांची यादी आणि किमती.)

प्रत्येक वान्झरमध्ये एक संगणक बसवावा लागतो आणि तो दुकानातून विकत घ्यावा लागतो. चांगला संगणक घेतला की नेम सुधारतो. पहिल्या मोहिमेपासून खेळाडू ही यादी चाळत असतो, आकडे ताडून पाहत असतो आणि पैसे उरले तर अधिक महागातला संगणक घेत असतो. कथा उलगडत जाते तसे कळते की, या युद्धाच्या आडून माणसांच्या मेंदूंपासून लढाऊ संगणक तयार करण्याचे प्रयोग चालले आहेत, आणि ड्रिस्कलच्या वान्झरमध्ये बसवलेल्या यंत्रणेत कॅरेनचा मेंदू आहे. व्हिडिओ गेममध्ये धक्कादायक वळणे पुष्कळ असतात. या वळणाची ताकद अशी की, ते केवळ संवादातून सांगितले जात नाही. तासन्‌तास आपण ज्या रकान्यात आकडे वाढवत होतो, त्याच रकान्याशी ते येऊन थांबते. आमच्यातल्या ज्यांना शेवट ठाऊक होता ते या वेळी सुरुवातीपासून संगणकाच्या खरेदीच्या वेळी गप्प बसत होते, आणि ज्यांना ठाऊक नव्हता ते त्यांच्या गप्प बसण्याचे कारण विचारत होते. यंत्राचा हात तुटला तर दुसरा विकत मिळतो, हा नियम खेळ आपल्याला पुनःपुन्हा शिकवतो आणि मग ज्याच्या बदली दुसरे काही मिळू शकत नाही ते यंत्रात भरून दाखवतो. 1995 च्या सोळा बिटांच्या कन्सोलवर इतक्या मोजक्या साधनांनी हे साधले गेले, याबद्दल मला त्सुचिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांविषयी खरा आदर वाटतो.

पात्रांची चित्रे योशिताका आमानो यांची आहेत आणि संगीत योको शिमोमुरा व नोरिको मात्सुएदा यांचे. त्सुचिदा पुढे 2001 च्या 'फायनल फँटसी टेन'च्या लढायांची रचना करताना दिसतात, आणि कुणाची पाळी केव्हा येणार हे आधीच दाखवणारी तिथली पद्धत पाहताना डावपेचांच्या खेळांतून आलेला माणूस ओळखू येतो.

(दृश्य : 'फ्रंट मिशन 2'. पाणथळ प्रदेश, धुके, वान्झरची रांग.)

1997 चा दुसरा भाग प्लेस्टेशनवर आला. आपल्या उपखंडातल्या खेळाडूने तो आवर्जून पाहावा असे मला वाटते, कारण त्याची कथा अलोर्देश या देशात घडते आणि खेळाच्या भविष्यातला हा अलोर्देश म्हणजे आजचा बांगलादेश आहे. 2102 मध्ये व्हेन मॅकार्ज यांच्या नेतृत्वाखाली तिथले सैन्य उठाव करते आणि ओ.सी.यू.मधून बाहेर पडल्याची घोषणा करते. अॅश फारुक हा ओ.सी.यू.चा सैनिक आपल्या उरल्यासुरल्या साथीदारांसह त्या देशातून बाहेर पडण्याची धडपड करतो. मोठ्या संघात राहून आपल्या वाट्याला काहीच येत नाही, ही एका गरीब सदस्य देशाची तक्रार खेळ गांभीर्याने मांडतो. 1971 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाला पुन्हा एकदा स्वातंत्र्य मागावे लागते ही कल्पना आपल्याकडे बसून खेळताना निराळी लागते. या भागात हालचाल, हल्ला आणि प्रतिहल्ला या प्रत्येकासाठी ठरावीक गुण खर्च करावे लागतात, त्यामुळे एकटा पुढे घुसणारा शूर वीर लवकर थकतो. दोष एकच पण मोठा आहे : लढाईची दृश्ये डिस्कवरून पडद्यावर येईपर्यंत फार वाट पाहावी लागते. मूळ खेळ फक्त जपानी भाषेत होता; अधिकृत इंग्रजी आवृत्ती मिळायला 2023 ची नवी आवृत्ती यावी लागली. पहिल्या भागालाही अधिकृत इंग्रजी 2007 मध्ये निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर मिळाले.

तिसऱ्या भागाबद्दल आमचे सर्वांत जास्त वाद झाले. 1999 च्या या खेळात, कथेच्या अगदी आरंभी काझुकी ताकेमुरा या तरुणाला त्याचा मित्र र्‍योगो आपल्याबरोबर सामान पोहोचवायला चल म्हणतो. जावे की न जावे, एवढाच प्रश्न. त्याच्या उत्तरावरून संपूर्ण खेळ दोन वेगळ्या वाटांनी जातो : एका वाटेवर एम्मा सोबतीला असते, दुसरीवर काझुकीची बहीण अलिसा, आणि एका वाटेवरचे सहकारी दुसऱ्या वाटेवर शत्रू म्हणून समोर येतात. आम्ही गट पाडून दोन्ही वाटा शेजारी शेजारी खेळलो. एका बाजूच्या मित्रांना जो माणूस खलनायक वाटत होता त्याची बाजू दुसऱ्या बाजूचे मित्र तावातावाने मांडू लागले, आणि एकट्या खेळाडूला पहिल्या वाटेनंतर दुसरी वाट खेळूनच जी जाणीव होऊ शकते ती आम्हाला संभाषणातच होत गेली. या भागात शत्रूचा पायलट यंत्राबाहेर फेकला गेला तर त्याचा रिकामा वान्झर आपल्या ताब्यात घेता येतो. शिवाय खेळाच्या आत एक आख्खे संगणकीय जाळे आहे, ज्यावर कंपन्यांची आणि सैन्यांची संकेतस्थळे वाचता येतात आणि पात्रांना पत्रे लिहिता येतात. लढाईत एका वेळी चारच वान्झर उतरवता येतात, हे मला आजही खटकते. पहिल्या भागातली पथकाची भव्यता त्यात हरवते.

(दृश्य : 'फ्रंट मिशन 5'ची जपानी आवृत्ती, नंतर तोच पडदा इंग्रजी मजकुरासह.)

29 डिसेंबर 2005 रोजी प्लेस्टेशन 2 वर आलेला पाचवा भाग केवळ जपानमध्येच विकला गेला. तो इंग्रजीत उपलब्ध झाला चाहत्यांमुळे. त्यांनी डिस्कमधला मजकूर शोधून बाहेर काढला, हजारो संवादांचा अनुवाद केला, जपानी अक्षरांसाठी आखलेल्या जागेत लांब इंग्रजी वाक्ये बसवली आणि हे सगळे कोणत्याही मोबदल्याशिवाय जगासमोर ठेवले. या मालिकेवर बोलताना कंपनीइतकेच श्रेय या लोकांना द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. त्यांचे काम नसते तर मालिकेतला सर्वांत परिपक्व खेळ आमच्यासारख्यांना न समजणाऱ्या चिन्हांची रांग म्हणूनच दिसला असता.

पाचव्या भागाचा नायक वॉल्टर फेंग हा यू.एस.एन.चा सैनिक आहे आणि त्याचे बालपण हफमन बेटावर गेलेले आहे. ग्लेन आणि रँडी हे त्याचे बालमित्र. कथा अनेक दशकांचा काळ व्यापते आणि त्यात दुसरे हफमन युद्धही येते, म्हणजे पहिल्या भागात रॉयडच्या बाजूने लढलेले युद्ध इथे सीमेच्या पलीकडून लढावे लागते. पहिल्या भागात आम्ही ज्यांचे हात आणि पाय इतक्या बारकाईने निवडून तोडत होतो, ते सैनिक आता आमच्या तुकडीत आहेत, त्यांना नावे आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च आम्हाला करायचा आहे. आमच्या पुढच्या चित्रफितीत आम्ही हेच अध्याय खेळून दाखवणार आहोत. त्याआधी ज्यांना पहिला खेळ पूर्ण करायचा असेल त्यांनी डीएसची आवृत्ती किंवा 2022 ची नवी आवृत्ती घ्यावी आणि लार्कसची पहिली मोहीम घाई न करता खेळावी.