गेथशेमानेतली दुसरी प्रार्थना

(दुःखसप्ताहात जालन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

आपल्याकडं कुणाच्या घरी मयत झाली की तासाभरात कुणीतरी बोलतंच, "प्रभूची इच्छा, बाई. धीर धर." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण जिचा नवरा गेला आणि मागं सोसायटीचं कर्ज राहिलं, तिला त्यातून ऐकू येतं ते हेच, की देवालाच हे पाहिजे होतं. मग उद्यापासून तिनं प्रार्थना करायची कुणाकडं? 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे प्रभू येशू धरला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत बोलला, ते स्वतःच्या प्याल्याबद्दल, म्हणजे पुढं आलेल्या दुःखाबद्दल आणि मरणाबद्दल. दुसऱ्याच्या ओठाला प्याला लावताना बोलला नाही.

आणि स्वतःबद्दलसुद्धा तो एकदम तिथं पोचला नाही. मत्तयाचा २६वा अध्याय काढा. वल्हांडण या यहुदी सणाचं जेवण झालंय, किद्रोनचा ओहोळ ओलांडून मंडळी जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी आलीत. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना तो जवळ घेतो आणि उघड सांगतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र मित्रांना सोबतीला थांबा म्हणतोय! आपण मात्र दुःखात असलो की "काही नाही, बरं चाललंय" म्हणतो आणि त्यालाच विश्वास समजतो.

३९व्या वचनातली पहिली प्रार्थना बघा. शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे. आधी मागणं आहे, आणि ते गुळमुळीत नाही. मार्क तर सांगतो की 'अब्बा' अशी हाक मारून, तुला सगळं शक्य आहे असं म्हणून त्यानं मागितलं. त्याच्यामागून 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको' येतं. मग तो उठून शिष्यांकडं येतो, ते झोपलेले. परत जातो. आता ४२वं वचन वाचा. दुसऱ्या वेळची प्रार्थना तीच नाही. प्यायल्याशिवाय हा टळून जात नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं आता तो म्हणतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रार्थनेच्या मध्ये काहीतरी हललंय. पुढं तिसऱ्यांदाही तो जातो आणि तेच शब्द पुन्हा बोलतो. म्हणजे स्वाधीन व्हायला प्रभूलाही वेळ लागला, आणि एकदा होऊन भागलं नाही. इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायात तर आक्रोश आणि अश्रू असे शब्द आहेत. आपल्या चित्रांतला शांत, खडकाला टेकून वर बघणारा प्रभू चित्रकारांचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो पालथा पडलेला आहे.

देवाशी असं भिडून बोलणं मराठवाड्याला नवं वाटायचं कारण नाही. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाशी भांडते, त्याला शिव्यासुद्धा घालते, आणि तिच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेत नाही. (ख्रिस्ती व्यासपीठावरून जनाबाईचं नाव घेतलं म्हणून कुणी नाराज होऊ नये. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळकच सांगून गेलेत.)

आता एक अडचणीचा प्रश्न. जे जे घडतं ते सगळं देवाच्या इच्छेनंच घडत असेल, तर प्रभूनं आपल्याला रोज 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं मागायला का शिकवलं? जे होतंच आहे ते कुणी मागत नाही. पृथ्वीवर त्याची इच्छा अजून पुरती चालत नाही, म्हणून तर मागायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात हजारो माणसं गेली. जमीन हलली हे खरं, पण माणसं गाडली गेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या माळवदाखाली. 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसलं की भिंतीबद्दल कुणी विचारत नाही. जातीचंही तेच. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी आपल्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गावकुसाबाहेरच्या माणसांनी आपलं जिणं देवानंच असं नेमलंय असं मानलं असतं, तर बेथेल उभं राहिलं नसतं.

दुसऱ्या टोकाला आजकालच्या काही सभा आहेत. दावा करून मागा, मिळालंच म्हणा. आणि घाटीच्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट असलेलं लेकरू वाचलं नाही, तर आईला सांगायचं की तुझा विश्वास कमी पडला. याचा मला राग येतो, लपवत नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचं कायमचं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का? दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख, अबेद्नगो हे तिघं, मूर्तीला न वाकल्याबद्दल भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला सांगतात की आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. समर्थ आहे हेही खरं, आणि 'नाही सोडवलं तरी' हेही. दावेवाले दुसरा अर्धा भाग गाळतात, आणि आमच्यासारखे जुने मंडळीवाले पहिला. आम्ही 'तुझी इच्छा असेल तर' हे आधीच लावून ठेवतो, म्हणजे नाही मिळालं तर लाज वाटायला नको.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असं आहे. ते वचन आपण भिंतीवर लावतो. पण २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, वर्षानुवर्षं जपलेली झाडं शेतकऱ्यांनी तोडली. ज्यानं स्वतःच्या हातानं झाड तोडलं त्यानं ते वचन म्हणावं, मी ऐकीन. त्याला ते मी ऐकवणार नाही. आणि हबक्कूकसुद्धा पहिल्या अध्यायात 'परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू?' असं विचारूनच शेवटाला पोचलाय.

गेथशेमानेत शेवटी काय होतं? 'उठा, आपण जाऊ.' स्वाधीन झालेला माणूस आडवा पडून राहिला नाही. धरायला आलेल्यांच्या समोर चालत गेला, आणि लूक सांगतो, त्या गोंधळात एका दासाचा तुटलेला कान बरा केला. स्वतःचा प्याला टळला नाही, पण शत्रूच्या माणसाचं दुखणं त्यानं तसंच राहू दिलं नाही.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: मग मयताच्या घरी जाऊन म्हणायचं काय? ताई, पहिल्या दिवशी काही म्हणू नका. पाणी भरा, लेकरांना जेवू घाला, रात्री कुणीतरी सोबतीला थांबा. चार दिवसांनी त्या घरानं वाचा म्हटलं तर स्तोत्र १३ वाचा. सहा वचनं आहेत. 'परमेश्वरा, कोठवर?' इथून सुरू होतं, पहिल्या चारांत तक्रार आणि मागणं, भरवसा पाचव्यात येतो. चौथ्यापाशी बाई रडायला लागली तर तिथंच थांबा, उरलेली दोन पुढच्या खेपेला वाचू.