शब्द ऐकू यायला हवेत

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात रायमन ऑडिटोरियम नावाचं एक सभागृह आहे. १८९२ मध्ये ते प्रार्थनामंदिर म्हणून उभं राहिलं. आजही तिथे प्रेक्षक लांबलचक लाकडी बाकांवर बसतात, चर्चमध्ये बसावं तसे. जेसन इझबेल हा गायक-गीतकार गेली कित्येक वर्षं ऑक्टोबरमध्ये तिथे ओळीने अनेक रात्री गातो. त्याचं 'कव्हर मी अप' हे गाणं अगदी संथ, जवळजवळ कुजबुजत सुरू होतं. मग एक ओळ येते. गाणारा सांगतो की दारू सोडली, आणि या वेळी कायमची. गाणं अजून संपलेलं नसतं, कडवंसुद्धा पुरं झालेलं नसतं, आणि सगळं सभागृह एकदम आरोळी ठोकतं. २०१८ मध्ये निघालेल्या 'लाइव्ह फ्रॉम द रायमन' या अल्बमवर ही आरोळी ऐकता येते. दाद तानेला नाही, गिटारच्या तुकड्याला नाही. ती एका वाक्याला आहे.

आज मला या दादेबद्दल बोलायचं आहे. शब्दांवर असं प्रेम करणारे श्रोते आपल्या आवडत्या गायकाच्या जुन्या अल्बमच्या नव्या मिक्सकडे कसे पाहतात, तेही सांगायचं आहे.

इझबेलचा जन्म १९७९ सालचा, अलाबामा राज्यातल्या ग्रीन हिल या छोट्या गावचा. जवळच मसल शोल्स. तिथल्या स्टुडिओंमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत सोल संगीताच्या मोठमोठ्या तबकड्या तयार झाल्या. कंट्री, लोकगीतं, ब्लूज आणि रॉक यांच्या संगमातून जे संगीत आलं त्याला अमेरिकाना म्हणतात, आणि इझबेल आज त्यातलं ठळक नाव आहे. बाविशीत तो ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडमध्ये आला, २००७ मध्ये बाहेर पडला. दारू त्याला पार पोखरत होती. २०१२ मध्ये तो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी 'साउथईस्टर्न' हा अल्बम आला. 'कव्हर मी अप' त्यातलंच. ते त्याने अमांडा शायर्ससाठी लिहिलं. ती स्वतः व्हायोलिनवादक आणि गीतकार, त्याच वर्षी त्याची पत्नी झाली. रायमनमध्ये बसलेल्या माणसांना हे सगळं ठाऊक असतं. त्यातल्या किती जणांनी स्वतः बाटली खाली ठेवलेली असेल, किती जण घरातल्या कुणासाठी ओरडत असतील, कोण जाणे.

पण केवळ चरित्र माहीत असल्यामुळे शब्द असे रुतत नाहीत. इझबेलची ताकद तपशिलात आहे. ट्रकर्समध्ये असताना त्याने 'आउटफिट' लिहिलं. घरं रंगवून पोट भरलेला बाप गाणं-बजावणं करायला निघालेल्या मुलाला चार गोष्टी सांगतो. आपली बोली सोडून परक्या हेलात गाऊ नकोस. बहिणीच्या वाढदिवसाला घरी फोन कर. बस, एवढंच. बापाच्या प्रेमाविषयी एक शब्द नाही, आणि तरी ते गाणं ऐकून घरी फोन न लावणारा माणूस मला विरळाच वाटतो.

'एलिफंट' तर मला सलग दोनदा ऐकवत नाही. कॅन्सर झालेली एक बाई आणि तिचा मित्र बारमध्ये बसतात, पितात, थट्टा करतात, जुनी गाणी म्हणतात, आणि समोर उभ्या असलेल्या मरणाकडे बघायचं टाळतात. शेवटाकडे, मरताना कुणाचीच शान राहत नाही, अशा अर्थाची एक ओळ येते. ज्यांनी रुग्णालयात कुणाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, त्यांना ही ओळ क्रूर वाटत नाही. कुणीतरी खरं बोललं, असं वाटतं. इझबेलच्या ओळी अंगावर गोंदवून घेणारे चाहते आहेत. त्यामागे मला हेच कारण दिसतं. जे आपल्याला सांगता येत नव्हतं, ते कुणीतरी नेमक्या शब्दांत सांगून ठेवलं आहे.

आता मिक्सकडे येऊ. आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या हिंदी गाण्याला नाचाचा ठेका चढवलेला आठवतो. मी बोलतोय ते त्याबद्दल नाही. स्टुडिओत गायकाचा आवाज, प्रत्येक गिटार, ड्रम, सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतं. मग कुणीतरी बसून ठरवतं की काय पुढे ठेवायचं, काय मागे, काय डावीकडे, कशाला किती घुमारा द्यायचा. हे झालं मिक्स. वर्षांनी तेच मूळ ट्रॅक काढून हे निर्णय पुन्हा घेतले, तर नवा मिक्स तयार होतो. गायक नव्याने गात नाही. शब्दही तेच. बदलतं ते त्यांचं तुमच्यापासूनचं अंतर.

इझबेलचा २००९ चा अल्बम होता 'जेसन इझबेल अँड द ४०० युनिट'. 'द ४०० युनिट' हा त्याचा बँड, आणि हे नाव अलाबामातल्या फ्लॉरेन्स गावातल्या एका इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागावरून घेतलेलं. त्या काळी हा अल्बम फार थोड्यांपर्यंत पोचला. 'साउथईस्टर्न'नंतर नवे श्रोते आले आणि मागे वळून जुने अल्बम शोधू लागले. २०१९ मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला, तो डेव्ह कॉबने केलेल्या नव्या मिक्ससह. 'साउथईस्टर्न'चा निर्माता कॉबच होता. माझ्या कानांना या नव्या मिक्समध्ये आवाज गिटारांच्या गर्दीतून दोन पावलं पुढे आलेला जाणवतो. 'सिगारेट्स अँड वाइन'सारख्या संथ गाण्याला त्याचा फार फायदा झाला आहे. दहा वर्षांपूर्वी लिहिलेले शब्द तिथे पहिल्यांदा नीट श्वास घेतात.

त्याच्या जुन्या बँडचंही असंच झालं. २००४ चा 'द डर्टी साउथ' २०२३ मध्ये मूळ योजलेल्या क्रमाने, वगळलेली तीन गाणी परत घेऊन आणि काही गाणी नव्याने मिक्स करून पुन्हा आला. परत आलेल्या गाण्यांत इझबेलचं 'टीव्हीए', म्हणजे 'टेनेसी व्हॅली अथॉरिटी', आहे. टेनेसी नदीवरची धरणं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात १९३३ मध्ये सुरू झालेली ती सरकारी योजना, आणि तिच्यामुळे एका कुटुंबाला मिळालेला रोजगार. आपल्या दामोदर खोरे महामंडळाने नमुना घेतला तो याच योजनेचा. धरणावर इतकं मायेचं गाणं होऊ शकतं, हे मला ते ऐकेपर्यंत खरं वाटलं नसतं. असं गाणं अल्बममध्ये आपल्या जागी परत बसलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

सगळ्यांना असा आनंद होतो असं मात्र नाही. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा १९९७ चा अल्बम 'टाइम आउट ऑफ माइंड' घ्या. निर्माता डॅनियल लान्वाने त्या अल्बमला धुक्यात बुडवल्यासारखा नाद दिला होता. त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्याला मिळालं. २०२३ मध्ये मायकल ब्राउरने केलेला नवा मिक्स आला, आणि धुकं बरंच विरलं. डिलनचा खरबरीत आवाज समोर येऊन बसला. काहींना वाटलं, आता कुठे हा माणूस खोलीत आला. काहींना वाटलं, ते धुकं म्हणजेच तो अल्बम होता.

मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं मनापासून समजतं. एखादी ओळ आपण आयुष्याच्या वाईट काळात शंभरदा ऐकलेली असते. ती ज्या नादात ऐकली, त्या नादासकट ती मनात बसते. ड्रमचा जड ठोका, गिटारचा चरचरणारा कोपरा, सगळं त्या ओळीचा भाग होऊन जातं. कुणी ते पुसलं, तर आपलंच काहीतरी पुसल्यासारखं वाटतं. म्हणून माझा आग्रह आहे की नवा मिक्स जरूर काढावा, पण जुना बाजारातून मागे घेऊ नये. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत. आणि नव्याला माझं मत तेव्हाच मिळेल, जेव्हा तो शब्दांना जागा करून देण्यासाठी केलेला असेल. नुसता चकचकीतपणा आणायचा असेल तर नको.

एक गोष्ट मात्र कुठल्याच स्टुडिओत बदलता येत नाही. 'इफ वी वेअर व्हॅम्पायर्स' हे इझबेलचं २०१७ चं गाणं. आपण दोघं कायमचे नाही, एक दिवस एक जण मागे एकटा उरेल, असं ते सांगतं. लोकांनी हे मरणाचं गाणं आपल्या लग्नांत वाजवलं. मूळ गाण्यात त्याच्यासोबत शायर्सचा आवाज आहे. पुढे २०२३ च्या अखेरीस त्यांच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला. ज्यांनी ते गाणं आपल्या लग्नाशी जोडलं होतं, त्यांना आता ते कसं ऐकावं हा प्रश्न पडला. २०२५ च्या मार्चमध्ये इझबेलचा 'फॉक्सेस इन द स्नो' आला. नुसता आवाज आणि एक जुनी अकूस्टिक गिटार, बँड नाही. त्यातल्या 'ग्रॅव्हलवीड' या गाण्यात तो क्षमा मागतो की माझ्या प्रेमगीतांचे अर्थ आज वेगळे झाले आहेत. आपल्या ओळी लोकांनी कुठे कुठे नेऊन ठेवल्या आहेत याची पूर्ण जाणीव असलेला माणूसच असं लिहू शकतो. श्रोत्यांच्या भक्तीला एखाद्या गीतकाराने इतकं सरळ उत्तर दिलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तुम्हाला ऐकायचं असेल तर 'साउथईस्टर्न'पासून सुरुवात करा, आणि पहिल्यांदा ऐकताना शब्द छापील समोर ठेवा. अलाबामाचा हेल कानाला सवयीचा व्हायला दोन-तीन गाणी लागतात. त्यानंतर २००९ च्या अल्बमचे दोन्ही मिक्स मिळवा. एकच गाणं निवडा, आधी जुना ऐका, मग नवा, शक्यतो हेडफोन लावून. जुन्यात न कळलेली एखादी ओळ नव्यात लख्ख कळली, तर कोणती ते आम्हाला जरूर लिहून कळवा. नमस्कार.