मधुबालेचं चरित्र वाचताना

पावसाची रात्र. भिजून गॅरेजमध्ये आलेली एक मुलगी. तिची बंद पडलेली गाडी दुरुस्त करता करता किशोरकुमार गातोय, हातातल्या हत्यारांनी ठेका धरतोय. आता त्याच्याकडे नको, तिच्याकडे बघा. चिडलीय, ओठ आवळलेत, तरी हसू निसटतंच. १९५८ सालचा ‘चलती का नाम गाडी’.

मधुबालेचं कुठलंही चरित्र हाती आलं की मी आधी या प्रसंगाचं पान शोधते. विनोदाची तिची ही जाण ज्याला दिसली नाही, त्यानं मधुबाला पाहिलीच नाही असं मला वाटतं.

जन्म दिल्लीत, १४ फेब्रुवारी १९३३. मृत्यू मुंबईत, २३ फेब्रुवारी १९६९. हृदयाला जन्मजात छिद्र. आयुष्य इतकं तोकडं, की लिहिणारा शेवटापासूनच लिहायला बसतो. मग ‘महल’मध्ये झुल्यावर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीतही त्याला मरणाची चाहूल लागते. अहो, ती भूमिका होती! ‘बसंत’मध्ये बेबी मुमताज म्हणून कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती, आणि पुढे अख्खं घर तिच्याच कमाईवर चाललं. ते कष्ट पुस्तकात आहेत का?

खरी परीक्षा मात्र ‘नया दौर’च्या खटल्याशी. भोपाळकडच्या बाह्यचित्रणाला वडील अताउल्ला खान यांनी नकार दिला. भूमिका वैजयंतीमालेकडे गेली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि दिलीपकुमारनं निर्माते बी. आर. चोप्रांच्या बाजूनं साक्ष दिली. प्रेम तुटल्याच्या हळहळीत इथे पानंच्या पानं रंगवता येतात. वडिलांना खलनायक करणं तर फारच सोपं. पण करार काय होता, पैशांचा व्यवहार कसा झाला, कोर्टात कोण काय बोललं, हे शोधायला लेखक गेला का? की त्या काळच्या सिनेमासिकांतली कुजबूज त्यानं पुन्हा एकदा छापली? ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगणारा लेखक भेटला, की माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

सांताक्रूझच्या कबरस्तानातली तिची कबरही २०१० साली नव्या दफनांना जागा हवी म्हणून काढली गेली.

‘मुघल-ए-आझम’मधल्या जड साखळ्यांबद्दल सगळेच लिहितात. त्या अंगावर वागवत तिनं संवाद कसा उचलला, आवाज कुठे खाली आणला, ते लिहिणाऱ्याची मी वाट बघतेय.