कव्हरच्या आतली गाडी

(दृश्य : नाशिकच्या इंदिरानगरमधील एका इमारतीचे वाहनतळ, सकाळची वेळ. समतल फरशीवर एक पांढरी एसयूव्ही उभी आहे. कॅमेरा हळूहळू गाडीच्या खाली जातो.)

एसयूव्हीचे इंजिन ऑइल घरच्या घरी बदलायचे ठरवणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या कव्हरशी. जुन्या जीपगाड्यांखाली वाकून पाहिले, की ऑइलचा चेंबर, त्यातले ऑइल काढण्यासाठीचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर थेट नजरेस पडत असत. आजच्या गाडीखाली वाकले, तर पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत काळा, सपाट पडदाच दिसतो आणि तो पाहूनच अनेक जण गाडी सर्व्हिस सेंटरकडे वळवतात. आमच्या मते मात्र या कामातले खरे कौशल्य आणि खरा लाभ या पडद्यापाशीच आहे, म्हणून ही चित्रफीत ऑइलइतकीच कव्हरविषयीही आहे.

हे कव्हर शोभेसाठी लावलेले नसते. गाडीखालून वाहणारी हवा इंजिन, सस्पेन्शन आणि पाइपांच्या उंचसखल भागांवर आपटते, तेव्हा तिचा विरोध वाढतो आणि इंधन अधिक जळते. सपाट कव्हरमुळे ती हवा सुरळीत मागे निघून जाते. इंजिनचा आवाज रस्त्याकडे कमी जातो, आणि चाकांनी उडवलेले पाणी, चिखल व खडी इंजिनच्या पट्ट्यांपर्यंत आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपर्यंत सहसा पोहोचत नाही. काही गाड्यांत पुढच्या बाजूला धातूचे जाड गार्ड असते, मागे प्लास्टिकचे किंवा नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे कव्हर असते. तंतूंचे कव्हर आवाज चांगला शोषते, पण सांडलेले ऑइलही तितक्याच तत्परतेने शोषते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

नाशिकला मोटारीचे काम परके नाही. सातपूरला महिंद्रचा मोटारींचा कारखाना आहे, इगतपुरीला त्याच कंपनीचा इंजिनांचा कारखाना आहे, आणि डिझेल इंजेक्टर बनवणाऱ्या बॉशच्या जुन्या नावाने मायको सर्कल हा चौक आजही ओळखला जातो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी केलेल्या माणसांच्या घरी गोटी पाने, रॅचेट आणि ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा टॉर्क रेंच सहज सापडतात. या चित्रफितीत काम करताना दिसणारे गृहस्थ अशाच एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या मदतीला अभियांत्रिकी शिकणारी त्यांची मुलगी आहे.

याच शहराच्या आसपासचे रस्ते कव्हरची परीक्षा पाहतात. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीकडचा तांबडा चिखल, उन्हाळ्यात निफाड आणि दिंडोरीच्या शेतरस्त्यांवरची काळ्या मातीची धूळ, असे सारे काही कव्हरच्या वरच्या बाजूस साठत जाते. ओला चिखल स्क्रूच्या डोक्यांत जाऊन वाळतो आणि त्याच्या ओलाव्याने आटे गंजतात. म्हणून काम उद्या करायचे असेल, तर गंज सैल करणारा स्प्रे आज रात्रीच स्क्रूंवर मारून ठेवावा.

(दृश्य : मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले जात आहेत.)

कव्हरला हात लावण्याआधी एक नियम पाळावा लागतो आणि त्यात सवलत नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, शिरू नये. गाडी उचलायची असेल, तर आधी हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मग मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावावा आणि मजबूत स्टँड बसवून गाडीचे वजन त्यांच्यावर टेकवावे. उंच एसयूव्हींखाली सडपातळ माणूस गाडी न उचलताही शिरू शकतो, आणि तसे जमत असेल तर तेच अधिक चांगले, कारण गाडी समतल राहते व चेंबरातले ऑइल पूर्ण निघते. डोळ्यांवर चष्मा हवाच. कव्हर खाली येताना त्याच्यावरची माती पाहणाऱ्याच्या तोंडावर येते.

काही उत्पादकांनी ड्रेन बोल्ट आणि फिल्टरच्या खाली कव्हरमध्येच एक छोटी झडप ठेवलेली असते. ती उघडून ऑइल काढता येते आणि घाईत असलेला माणूस तेवढेच करतो. तरीही निदान वर्षातून एकदा संपूर्ण कव्हर काढावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

कव्हर धरून ठेवणारे स्क्रू साधारणतः दोन-तीन प्रकारचे असतात. कोठे दहाच्या गोटीने फिरणारे बोल्ट असतात, कोठे टी२५ किंवा टी३० मापाचे चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू असतात, तर कडेला प्लास्टिकच्या दोन भागांच्या क्लिपा असतात. चांदणीच्या खाचेत वाळलेली माती दाभणाने कोरून काढल्याशिवाय बिट पूर्ण आत बसत नाही, आणि अर्धवट बसलेले बिट जोराने फिरवले की खाच गोल होऊन स्क्रू तेथेच अडकून बसतो. क्लिपेचे तंत्र वेगळे आहे. बहुतेक क्लिपांच्या मध्यावरची खुंटी पातळ पेचकसाने आधी वर उचलायची असते, म्हणजे बाहेरच्या भागाचे पाय सैल होतात. काहींची खुंटी मात्र आत दाबायची असते. इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या क्लिपा ओढल्या, की तुटणारच. त्यांची किंमत किरकोळ असते, त्यामुळे योग्य मापाच्या थोड्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात.

(दृश्य : मुलगी पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवत आहे.)

"पप्पा, हा स्क्रू बाकीच्यांपेक्षा लांब आहे," असे ती सांगते. "तो बंपरजवळच्या भोकाचा, बाळा. तिथेच टोचून ठेव, दुसरीकडे गेला तर आतल्या वस्तूला टेकेल," असे उत्तर गाडीखालून येते.

हा पुठ्ठा त्या दिवशीचे सर्वांत उपयुक्त अवजार ठरतो. स्क्रूंची लांबी वेगळी असण्यामागे कारण असते. काही स्क्रू एकाच जाडीतून जातात, काही दोन कव्हरे एकत्र धरतात, तर काही पत्र्याच्या यू आकाराच्या नटांत बसतात. असा नट गंजून स्क्रूला चिकटला, तर दोन्ही सोबत फिरत राहतात. तेव्हा नट पकडीने धरून ठेवावा लागतो. शेवटचे दोन स्क्रू काढताना कव्हर तळहाताने पेलावे, एक बाजू आधी टेकवावी आणि मग ते मागे सरकवून बाहेर घ्यावे.

कव्हर बाहेर आले की ते लगेच धुऊ नये. आधी त्याची आतली बाजू नीट पाहावी. इंजिनखालून मिळणारी सर्वांत खरी माहिती तेथेच लिहिलेली असते. काळपट, चिकट डाग असेल, तर कव्हर पुन्हा जागेवर आहे अशी कल्पना करून त्याच्या नेमके वर आणि किंचित पुढे इंजिनचा कोणता भाग येतो ते शोधावे, कारण चालत्या गाडीत थेंब वाऱ्याने मागे ढकलला जातो. गोडसर वासाचा, रंगीत आणि वाळल्यावर पांढुरकी कड सोडणारा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, असतो. तांबूस डाग बहुधा गिअरबॉक्सकडून किंवा पॉवर स्टिअरिंगकडून येतो. कव्हर नसलेल्या गाडीची गळती फरशीवर सकाळीच दिसते. कव्हर असलेल्या गाडीची गळती महिनोन्‌महिने आत साठत राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही. आमच्या गृहस्थांच्या कव्हरात ऑइलचा डाग नव्हता, पण एका कोपऱ्यात शेंगांची टरफले, कापसाचे तुकडे आणि कुरतडलेला फोम यांचे उंदराचे घरटे होते. त्याच्या वरून जाणाऱ्या वायरीवरचे आवरण दातांनी सोलले गेले होते, तांब्याची तार मात्र अजून शाबूत होती. ती वायर त्याच दिवशी दुरुस्त करून घेता आली. झडप उघडून ऑइल बदलले असते, तर ती कोणाच्याही दृष्टीस पडली नसती.

आता ऑइलकडे वळू. बाजारात पुष्कळ जण सांगतात, की आपल्याकडच्या उन्हाळ्याला जाड ऑइलच हवे. पण डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० अशा नावातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीविषयी आहे आणि त्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते; दुसरा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाविषयी आहे. चालत्या इंजिनमधले ऑइल नाशिकच्या मे महिन्यातही आणि डिसेंबरातही त्याच तापमानाच्या आसपास असते. म्हणून पुस्तिकेत जो दर्जा दिला आहे तोच घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाले आणि डिझेल एसयूव्हींच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात अडकलेली काजळी जाळून टाकता येते, पण ऑइलमधील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही आणि ती कायमची साठते. अशा गाड्यांसाठी कमी राखेचे ऑइल लागते. उदाहरणार्थ, एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ वर्गात राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. डब्यावरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला हा वर्ग अधिक काळजीने वाचावा.

काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने काही वेळ जादा डिझेल फवारतात आणि त्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात उतरते. रोज कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढीच ये-जा करणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते आणि डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची, पातळी चक्क वाढू लागते. वाढलेली पातळी हे ऑइल पातळ झाल्याचे लक्षण आहे. तशा वेळी किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे.

(दृश्य : ड्रेन बोल्ट हाताने सोडवला जातो, ऑइलची धार परातीत पडते.)

इंजिन काही मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे, कढत नव्हे. ऑइल भरण्याचे झाकण उघडावे, पसरट भांडे ठेवावे आणि ड्रेन बोल्ट सोडवताना तो चेंबराकडे दाबून धरावा, म्हणजे शेवटच्या आट्यावर तो झटकन बाजूला घेता येतो. बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवीन घालावा. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल, तर लांब पान्याच्या जोराने त्याचे आटे निघण्याची भीती असते, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावूनच बोल्ट आवळावा.

फिल्टर दोन जातींचे असतात. डबीसारखा पूर्ण फिल्टर असेल, तर जुन्याचे रबर इंजिनला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोटाने तपासावे, कारण दोन रबरांवर बसलेला फिल्टर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर फेकू शकतो. नव्या रबराला ऑइलचे बोट फिरवून तो हाताने बसवावा. कागदी काडतूस असेल, तर टोपणाचे ओरिंग, म्हणजे रबरी कडे, बदलावे. टोपणावर कसण्याचा आकडा बहुधा छापलेलाच असतो. फिल्टर काढताना ऑइल खालच्या आडव्या तुळईवर सांडतेच. ते चिंधीने कोरडे पुसावे, नाहीतर ते नंतर थेंबाथेंबाने कव्हरवर पडते, तंतूंचे कव्हर ते पिऊन घेते आणि नव्या गळतीचा खोटा संशय उभा राहतो.

नवीन ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा किंचित कमी ओतावे, इंजिन सुरू करून ऑइलचा दिवा विझू द्यावा, मग ते बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि उरलेले भरावे. याच वेळी, कव्हर अजून बाहेर असताना, टॉर्चच्या उजेडात बोल्ट आणि फिल्टर कोरडे आहेत का ते पाहावे.

कव्हर परत बसवण्याचे काम घाईने झाले, की गाडीचे नुकसान सुरू होते. रस्त्यावर लोंबत चाललेली कव्हरे बहुधा अशाच घाईतून आलेली असतात. दोन कव्हरे एकमेकांवर येतात तेथे घराच्या कौलांसारखा क्रम असतो: बहुतेक गाड्यांत पुढच्या तुकड्याची कड मागच्या तुकड्याच्या खालून जाते, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेला उघडी कड सापडत नाही. हा क्रम उलटला, तर महामार्गाच्या वेगाला हवा आत शिरून कव्हर फाडू शकते. सर्व स्क्रू आधी बोटांनी थोडे थोडे धरवावेत, कव्हर मध्यावर येऊ द्यावे आणि मगच हाताच्या साध्या जोराने कसावेत. भोकांतल्या धातूच्या छोट्या बांगड्या हरवल्या असतील, तर स्क्रूचे डोके प्लास्टिकमधून आरपार निघून येते. हरवलेल्या क्लिपेच्या जागी केबल टाय बांधणे किंवा पत्र्याचा जाड स्क्रू पिळणे आम्हाला अजिबात मान्य नाही, कारण पहिला उपाय भोकाची कड कापत जातो आणि दुसरा भोक मोठे करतो.

वॉरंटीतल्या गाडीच्या मालकाने मात्र हे काम हाती घेण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

(दृश्य : वापरलेले ऑइल नरसाळ्याने रिकाम्या डब्यात भरले जाते. पुढील दृश्यात नासर्डी नदीचे पात्र दिसते.)

परातीतले पाच-सहा लिटर काळे ऑइल आता कोणाचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर टाळून हे काम पूर्ण होत नाही. शहरातून वाहणारी नासर्डी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात जाते, जो जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका वेळच्या बदलातले वापरलेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. भारतातही २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतू नये, लाकडाला वाळवीसाठी चोपडू नये आणि जाळूही नये. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, पाणी किंवा कूलंट न मिसळता, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे किंवा गॅरेजकडे सोपवावे, आणि ते पुढे कोणाकडे जाते हे तेथे स्पष्ट विचारावे. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळला, की त्यातूनही बरेच ऑइल निघते.

शेवटी डॅशबोर्डवरची सर्व्हिसची सूचना शून्यावर आणावी आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचा वर्ग व बदललेल्या क्लिपा वहीत नोंदवाव्यात. घाटातून एक फेरी झाल्यावर कव्हरची झडप उघडून, झडप नसेल तर ड्रेन बोल्टजवळचे दोन स्क्रू सैल करून, वायसरभोवती कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा निघाला, तर पुढच्या बदलापर्यंत अधूनमधून डिपस्टिक पाहण्याखेरीज काही करावे लागत नाही. कागदावर डाग उमटला, तर बोल्ट आणखी पिळू नये, ऑइल स्वच्छ भांड्यात काढून वायसर पुन्हा बदलावा.