बाबांनी मागितलीय

नमस्कार श्रोतेहो. आज तंबाखूवर बोलायचंय, पण कर्करोगावर नाही. ते काम पाकिटावरचं चित्र करतंच. आज विषय वयाच्या अटीचा. दुकानदारानं किती वर्षांच्या मुलाला सिगारेट द्यायची, आणि मुख्य म्हणजे, ओढणारी तरुण पोरं स्वतः या अटीबद्दल काय म्हणतात.

आपल्याकडे अट अठराची. कायदा २००३ चा. अठराच्या आतल्याला विकायची नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विकायची नाही. पुन्हा सांगतो, अठरा वर्षं आणि शंभर यार्ड. शेजारच्या कर्नाटकानं २०२५ मध्ये या अठराचं एकवीस केलं. मी ती बातमी वाचली तेव्हा मथळा होता हुक्का पार्लरचा. एकवीस शेवटच्या ओळीत.

तर ती बातमी घेऊन मी पुण्यातल्या एका कॉलेजबाहेरच्या टपरीवर गेलो. दोरीला बांधलेला लायटर, बरणीत क्रीमरोल, आणि अठरा वर्षांची सक्तीची पाटी वेफर्सच्या पुड्यांच्या माळेमागे गुडूप. चहा घेतला. जाता जाता सांगतो, टपरीवरचा चहाचा कप आता कफ सिरपच्या झाकणाएवढा झालाय, यावर कुणीतरी कायदा करायला हवा. असो.

तिथं इंजिनिअरिंगची तीन पोरं उभी होती. रेकॉर्डर बघून एकानं विचारलं, "चॅनलवाले का?" म्हटलं, "नाही, रेडिओ." "मग बोला. तोंड दिसत नाही ना."

मी विषय काढणार, तेवढ्यात एक मुलगा आला. वर टी-शर्ट, खाली शाळेची पँट. वीसची नोट पुढे करून म्हणाला, "मामा, एक द्या. बाबांनी मागितलीय." मामांचा हात पाकिटाकडे गेलासुद्धा. सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे त्या हाताला कुणी कळवलेलं नव्हतं. इतक्यात ओढत उभा असलेला आमचा इंजिनिअर म्हणाला, "मामा, नका देऊ."

"अरे, त्याच्या बापाला पाहिजे."

"मीपण आठवीत बाबांचंच नाव सांगायचो. माझे बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत!"

सगळे हसले. शाळकरी पोरगा मात्र हलेना. थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग क्रीमरोल द्या." बाबांचा विषय संपला!

मी त्या इंजिनिअरला विचारलं, "एकवीसची अट आपल्याकडे आली तर? तुझं वय किती?"

"वीस."

"म्हणजे तुलाच मिळणार नाही."

त्यानं एक झुरका घेतला. "नको मिळू दे. आठवीतच मिळाली नसती तर बरं झालं असतं."

दुसरा उसळला, "मतदान अठराला आणि सिगारेट एकवीसला, हा कुठला न्याय?" त्यावर तिसरा म्हणाला, "लग्नाला एकवीस लागतात, तेव्हा नाही बोललास!" आणि मग या तिसऱ्यानंच खरी गोष्ट सांगितली. "अकरावीची पोरं कुठं स्वतः येतात? पैसे आम्हालाच देतात. दादा, एक आण."

श्रोतेहो, एकवीसमागचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. सोळाच्या पोराला अठराचा मित्र असतो, एकवीसचा सहसा नसतो. पुन्हा सांगतो, अट मोठ्याला अडवायला नाही, मोठ्याच्या हातून धाकट्याकडे जाणारी सिगारेट अडवायला आहे.

मामांनी विचारलं, "दंड किती?" म्हटलं, "आपल्याकडे दोनशे रुपयांपर्यंत. कर्नाटकात आता हजार." मामांनी कपबशा विसळायला घेतल्या.

आता थोडी माहिती. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या नीडहॅम गावानं २००५ मध्येच एकवीसची अट लावली. तिथं अठराच्या आतल्या शाळकरी मुलांमधलं सिगारेटचं प्रमाण २००६ ते २०१० या काळात १३ टक्क्यांवरून ७ वर आलं. आसपासच्या गावांतही घटलं, पण १५ वरून १२ इतकंच. पुढं न्यूयॉर्क शहर, मग २०१६ मध्ये हवाई राज्य, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सगळा देश. २०१४ च्या तिथल्या एका पाहणीत चारातल्या तीन प्रौढांनी एकवीसला होकार दिला. आणि ओढणाऱ्यांतल्या दहापैकी सात जणांनी. ओढणाऱ्यांतल्या, बरं का! गावोगाव चर्चा होत राहिली की अट नवी वाटेनाशी होते.

आपल्याकडे? ३१ मे, म्हणजे तंबाखूविरोधी दिन आला की जळत्या सिगारेटचा तोच फोटो, तेच भाषण, आणि १ जूनला सगळं थंड. मधूनमधून 'शाळेजवळच्या टपरीवर कारवाई', पण आठवड्यानं त्या टपरीचं काय झालं हे बघायला कुणी जात नाही. उलट मॅचच्या दोन षटकांमध्ये बडे नट येऊन पानमसाल्याच्या नावाची वेलची खातात. एवढी वेलची तर आमच्याकडे दिवाळीच्या श्रीखंडातही पडत नाही. आणि ओढणाऱ्या पोरांना विचारतो कोण? डॉक्टरला विचारतात, मंत्र्याला विचारतात, पोरांना नाही.

बातमीच हवी असेल तर वार्ताहरांनी पुणे-बंगळूर रस्त्यानं कागलला जावं. तिथं अठरा. तिथून पुढं सीमा ओलांडली की निपाणी. तंबाखूचं गाव, भाषा बरीचशी मराठीच, पण कायदा कर्नाटकाचा, म्हणजे एकवीस. एकोणीस-वीसची निपाणीकर पोरं आता सिगारेटसाठी गाडीला किक मारून कागलला येतात का, हे दोन्हीकडच्या टपरीवाल्यांना विचारावं. आणि त्या पोरांनाही. नमस्कार.